एका परातीतलं पीठ

रुद्राणी मॅडमचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे निवळखेड्याच्या शाळेत पहिलीतलं पोरसुद्धा सांगायचं. आणि त्या शाळेत राग यायला कारण शोधत फिरावं लागत नव्हतं. पण तिचा सगळ्यात जुना राग होता तो हेडमास्तरांच्या खोलीतल्या हिरव्या कपाटावर. त्या कपाटात सरकारने पाठवलेली गणित पेटी होती. पेटीत लाल-निळ्या प्लॅस्टिकचे घन होते, दंडगोल होते, शंकू होते, चेंडूसारखे गोल होते, आणि त्यांतल्या एकालाही आजवर पोराचा हात लागलेला नव्हता. "हरवलं तर भरून कोण देनार?" हे हेडमास्तर गुरुपादप्पा सरांचं ठरलेलं उत्तर. तपासणीला साहेब आले की पेटी बाहेर यायची, टेबलावर मांडली जायची, साहेब मान डोलवायचे, आणि साहेबांची गाडी रेणापूरच्या रस्त्याला लागते न लागते तोच पेटी परत कुलपात. देवघरातल्या देवाला निदान रोज आंघोळ मिळते, ह्या पेटीच्या नशिबी तेवढंही नव्हतं.

रुद्राणी मूळची शिरूर अनंतपाळची, दिली लातुरात. रोज स्कूटीवर लातूरहून यायची आणि पहिली-दुसरीची पोरं एकाच खोलीत घेऊन बसायची. आकार शिकवायचा धडा आला तेव्हा तिच्या हातात फक्त पुस्तक होतं. पुस्तकात चेंडूचं चित्र, खोक्याचं चित्र, डब्याचं चित्र. म्हणजे सपाट कागदावरच्या सपाट चित्राकडे बोट दाखवायचं आणि सांगायचं, ही वस्तू सपाट नाही बरं का! दुसरीतला सोमेश पहिल्याच दिवशी उठून म्हणाला, "मॅडम, ह्यो चेंडू बी कागदच हाय की." सगळा वर्ग हसला. रुद्राणीही हसली, आणि हसता हसता चिडली, कारण पोरगं खरं बोललं होतं.

"उद्या सगळ्यांनी घरून मूठभर पीठ आणायचं," ती म्हणाली. "पेटी नाही तर नाही. आपण आपले आकार करू."

दुसऱ्या दिवशी पोरं पीठ घेऊन आली. कुणी डब्याच्या झाकणात, कुणी पिशवीत, कुणी फ्रॉकच्या खिशात. बहुतेकांचं ज्वारीचं. रुद्राणीने शाळेच्या मोठ्या परातीत ते सगळं ओतून घेतलं आणि कपाळाला हात लावला. ज्वारीचं पीठ भाकरीला गोड, पण त्याचा घन करायला गेलं तर कोपरे ढासळणार. हे आपल्या आधीच का लक्षात आलं नाही म्हणून ती स्वतःवरच करवादली. तेवढ्यात लुंबिनी उठली. दुसरीतलीच, भीमनगरातली पोर. वर्षभर मागच्या भिंतीला टेकून बसायची, विचारलं तरच बोलायची, तेही अर्धं. तिने दप्तरातून डबा काढला. डबाभर गव्हाचं पीठ होतं, मैद्यासारखं बारीक चाळलेलं.

"मम्मी म्हनली, ज्वारीला चिकाटी नसती. हे घाला म्हनावं."

रुद्राणीचा जीव भांड्यात पडला. गव्हाचं पीठ परातीत पडलं, खिचडी करणाऱ्या गुणाबाईने तांब्याने पाणी घातलं, आणि नळावर हात धुवून आलेल्या सगळ्या पोरांनी मिळून ते मळलं. इतके चिमुकले हात एका परातीत की कुठला कुणाचा ते कळत नव्हतं. गोळा असा जमला की त्याच्या घनाचे कोपरे बोटाला टोचायला लागले.

तो दिवस रुद्राणीच्या नोकरीतला सगळ्यात चांगला दिवस असावा. "हा तळहात टेकतो ती सपाट बाजू. दोन बाजू भेटतात ती कड. कडा भेटतात तो कोपरा." पोरं डोळे मिटून बोटाने आकार ओळखत होती. मग तिने एक पाटी तिरपी धरली. घन घसरत घसरत गेला. दंडगोल उभा ठेवला तर थांबला, आडवा केला तर पळाला. गोल ठेवायला गेलं की पळालाच, कसाही ठेवा.

"ह्याला सपाट बाजूच नाही," रुद्राणी म्हणाली. "म्हणून हा खाली ठेवून थांबत नसतो. हा एकाने दुसऱ्याच्या हातातच द्यायचा."

मग गोल हातोहात सगळ्या खोलीभर फिरला. शेवटी तो तिच्याकडे आला तेव्हा तिने दोरा ताणून धरला आणि त्याचे बरोबर दोन भाग केले. आत गरगरीत सपाट वर्तुळ. पोरं गुडघ्यांवर पुढे सरकली. मागच्या भिंतीकडून आवाज आला, "मॅडम, सपाट आतच होतं. लपून बसलं होतं."

लुंबिनी बोलली होती, कुणी न विचारता. रुद्राणीने तिला उठवून पहिल्या रांगेत सोमेशच्या शेजारी बसवलं. "हे वाक्य मला डी.एड.ला कुणी सांगितलं नव्हतं," असं ती सगळ्या वर्गादेखत म्हणाली, आणि लुंबिनीचे कान लाल झाले.

उरलेल्या पिठातलं निम्मं लाटून त्याचे त्रिकोण, चौकोन, वर्तुळं कापली आणि ती गुणाबाईच्या वरणात सोडली. दुपारी सगळ्यांनी वरणफळं खाल्ली. सपाट तुकडे लवकर शिजले आणि हौसेने टाकलेले गोल आतून कच्चे राहिले, तेही पोरांना तोंडाने कळलं. संध्याकाळी पोरं पिठाचे हात घेऊन घरी गेली आणि दारातूनच सांगायला लागली.

हेच नडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटी लावताना रुद्राणीला शाळेच्या कट्ट्यावर माणसं दिसली. मधे वैजनाथराव. शाळा समितीचे अध्यक्ष, चांगले खाऊनपिऊन सुखी शेतकरी, सोमेशचे आजोबा. शेजारी त्यांची बायको नागुबाई आणि आणखी चार घरची माणसं.

"मॅडम, तुमचं शिकवनं लई झ्याक," वैजनाथराव म्हणाले. "पोरगं घरी येऊन खाटंचे बी कोपरे मोजाय लागलंय. पर ते पिठाचं तेवढं बंद करा."

"का?"

"पोरांच्या पोटात दुखायलंय."

"कुणाच्या?"

कुणी हात वर केला नाही. "न्हाई, म्हंजे हात धुतेत का न्हाई काय की पोरं..."

"मी उभी राहून धुवून घेतले."

"निरनिराळं पीठ एकत्र बाधतंय, मॅडम."

"खिचडी तर रोज एका पंगतीत बसून खातात. ती बरी बाधत नाही?"

तेव्हा नागुबाई बोलली. तिला नवऱ्यासारखं आडवळण घ्यायची सवय नव्हती. "खिचडीचा तांदूळ सरकारचा असतोय. पीठ घरचं असतंय."

"कुणाच्या घरचं?"

"तुमाला कळतंय की."

"मला नाही कळत. मी लातूरची. मला नीट सांगा."

"हे बघा मॅडम," वैजनाथराव घाईने म्हणाले, "जात कुनी काढली? आमी कुनाचं नाव घेतलं का? उगं तोंडात घालू नका आमच्या." आणि त्यांनी चारी बाजूंना पाहून सगळ्यांना साक्षी ठेवलं. नाव न घेण्याची ही हुशारी पाहून रुद्राणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाईट बोलायचं आणि वर हात झाडून मोकळं राहायचं! उघड बोलले असते तर तिला उत्तर तरी देता आलं असतं.

ती तरातरा आत गेली. कालची परात ओल्या फडक्याखाली तशीच होती, उरलेला गोळा आत होता. ती परात उचलून तिने बाहेर आणली आणि कट्ट्यावर वैजनाथरावांच्या पुढ्यात आदळली.

"घ्या. ज्याने त्याने आपापल्या घरचं पीठ ह्यातून वेचून घ्यायचं आणि घरी न्यायचं. वैजनाथराव, तुमचं कुठलं? नागुबाई, तुम्ही ओळखाल, तुमच्याच जात्यावरचं. काढा बाहेर. सगळ्यांचं निघालं की जे उरेल ते मी ज्याचं त्याला परत करते."

माणसं गोळ्याकडे बघत राहिली. एक बाई फिसकन हसली आणि नागुबाईने बघताच गप्प झाली. कुणाचा हात पुढे आला नाही. येणार तरी कसा?

"तुमी सकाळी येता, सांजच्याला जाता," वैजनाथराव उठत म्हणाले. "गावात आमाला ऱ्हायचंय." आणि सगळे चपला सरकवत निघून गेले.

रुद्राणी वर्गात आली तेव्हा पहिल्या रांगेतली लुंबिनीची जागा रिकामी होती.

मधल्या सुट्टीत गुरुपादप्पा सरांनी तिला बोलावलं. सर निलंग्याकडचे, उन्हाळ्यात रिटायर होणार होते, आणि तोवर पाण्यावर तरंगही उठू नये एवढीच त्यांची इच्छा होती. त्यांच्या टेबलावर गणित पेटी उघडून ठेवली होती.

"घ्या मॅडम. तुमाला पाहिजे होती ना? आता कायमची वर्गात ठेवा."

रुद्राणी पेटीकडे बघत उभी राहिली. ह्याच पेटीसाठी तिने अर्ज केले होते, हातापाया पडली होती. आणि आज ती मागितल्याशिवाय समोर आली होती.

"आज का, सर?"

"शनिवारी शिक्षण परिषद आपल्याच शाळेत आहे. विरूपाक्ष साहेब येणार, केंद्रातले सगळे शिक्षक येणार, पालक येणार. तुमचाच पाठ ठेवलाय. प्लॅस्टिक बरं मॅडम. कुणाच्या घरचं नाही. धुता येतं."

"धुता येतं," रुद्राणी म्हणाली. तिला पेटी उचलून खिडकीतून फेकावीशी वाटली. इतकी वर्षं पोरांच्या हाताने खराब होईल म्हणून जी कुलपात ठेवली, ती पोरांना शिकायला मिळावी म्हणून नव्हे, एका पोरीचं पीठ परातीत पडू नये म्हणून बाहेर काढली होती. "सर, तुम्हाला ह्यात काहीच वाटत नाही?"

"वाटतं की," सर खाली बघून म्हणाले. "पण मला वाटून काय होतंय?"

ह्या उत्तराचाही तिला संताप आला. पण पेटी तिने घेतली. पोरांची होती ती.

शाळा सुटल्यावर ती भीमनगरात गेली. लुंबिनीची आई धम्मप्रिया दारातच शिलाई मशीनवर बसली होती. ब्लाउजची बाही सुईखाली धरून तिने वर पाहिलं, आणि बसा म्हणाली नाही. मशीनखाली लुंबिनी दोऱ्याच्या रिकाम्या रिळाशी खेळत होती. उभं करायची, थांबलं की आडवं करायची, पळालं की धरायची.

"लुंबिनी आज आली नाही," रुद्राणी म्हणाली.

"मॅडम, पीठ कुनी मागितलं होतं?"

"मी."

"तुमी मागितलं म्हनून दिलं. मूठभर मागितलं, डबाभर दिलं. रात्री बसून चाळलं. माझ्या पोरीच्या मॅडमनी मागितलंय म्हनून मला केवढं वाटलं होतं." पायाखालची मशीन थांबली. "आन् आज नळावर गेले तर बाया घागरी उचलून बाजूला झाल्या. एक तर म्हनाली, आता वरनफळं करून घाला की गावाला."

"मी त्यांना सोडलं नाही. मी परात..."

"ठाव हाय. परात आदळली. गावभर झालंय ते. तुमाला राग आला, तुमी काढला, आन् आता स्कूटीवर बसून लातूरला जाल. तुमच्या रागाचं बिल हितं कुनाच्या दारात आलं ते बघितलं का?"

धम्मप्रिया बोलली त्यातला एक शब्द खोटा नव्हता, आणि आपला राग इतका खरा असूनही तो हिच्या काहीच कामाचा नाही, हे रुद्राणीला आवडलं नसलं तरी कळलं.

"ह्यांचं हापिस नांदेडला," धम्मप्रिया म्हणाली. "लुंबिनीचे पप्पा कधीपासनं म्हनतेत, पोरीला तिकडं नेऊ, मोठ्या शाळेत घालू. मीच अडून बसले होते, की गावची शाळा सोडून कशाला जायचं, आमचं बी गावच हाय. आता फोन आलाय, शनिवारी दाखला घेऊनच ये म्हनून. पोरीला मी शनिवारी शाळेत धाडते. मी बी येते. सगळे बसल्यावर बघते. एक गोष्ट वाकडी दिसली तर तिथंच दाखला मागनार. तुमी मधी पडायचं न्हाई."

मशीनखालून लुंबिनी म्हणाली, "मॅडम, रीळ बी दंडगोल हाय."

"हो," रुद्राणी म्हणाली. मग ती स्कूटीकडे वळली.

शनिवारी सकाळी शाळा सारवल्यासारखी लखलखीत होती. वर्गात पुढे पोरांची सतरंजी, मागे खुर्च्या. मधल्या खुर्चीत केंद्रप्रमुख विरूपाक्ष साहेब, त्यांच्यापुढे चहाचं टेबल, शेजारी वैजनाथराव पांढऱ्या धोतरात. नागुबाई खिडकीशी बायकांमध्ये. धम्मप्रिया आली आणि दारात उभी राहिली. बस म्हणून कुणी सरकलं नाही. रुद्राणीने ऑफिसातून खुर्ची उचलून आणली आणि ती पहिल्या ओळीत, वैजनाथरावांच्या शेजारी ठेवली. धम्मप्रिया त्या खुर्चीत बसली आणि तिने पर्स मांडीवर घेतली. वैजनाथरावांनी धोतराचा सोगा आवरून घेतला.

पाठ सुरू झाला. लाल-निळे आकार बघून पोरं हरखली होती. त्यांना पेटी कशासाठी उघडली ह्याच्याशी काय देणंघेणं? रुद्राणीने खेळ ठरवला होता. आकार हातात घ्यायचा, त्याची एक गोष्ट सांगायची, पुढच्याला द्यायचा. शंकू झाला, दंडगोल झाला. पोरं धडाधड सांगत होती आणि विरूपाक्ष साहेब "छान, छान" म्हणत बिस्कीट बुडवत होते. मग निळा घन लुंबिनीकडे आला.

"ह्यो घन. ह्याला आठ कोपरे," लुंबिनी म्हणाली आणि तिने तो सोमेशच्या हातात दिला.

सोमेशने घन घेतला आणि शर्टाला पुसला. एक बाजू पुसली, फिरवला, दुसरी पुसली. असं करत वरची, खालची, चारी अंगाच्या, सगळ्या बाजू त्याने नीट पुसल्या, एकही सोडली नाही. मग घन वर धरून तो ठसक्यात म्हणाला, "ह्याला सहा बाजू."

लुंबिनी आपल्या तळहातांकडे बघत होती, त्यांना काही लागलंय का म्हणून.

रुद्राणीचा हात उठला. खरंच उठला, सगळ्यांनी पाहिला. पण सोमेशच्या तोंडावर पाप नव्हतं. शाबासकीची वाट बघणारं पोर होतं ते. हात तिने खाली घेतला.

"का पुसलंस रे?"

"आज्जी म्हनली. तिच्याकडनं घेतलं की पुसून घेत जा."

विरूपाक्ष साहेब चहाच्या कपात बघायला लागले. गुरुपादप्पा सर अर्धे उठले. "मॅडम, पुढं चला. पुढं."

"पुढं कुठं चलू, सर?" रुद्राणीचा आवाज बाहेरच्या नळापर्यंत गेला असेल. "साहेब, वर बघा. पाठ तुम्ही तपासायला आलात ना? मग सगळा तपासा. ह्या पोराला बाजू मोजायला मी शिकवलं. पुसायला मी नाही शिकवलं. दोन्ही शिकवण्या त्याने आज एकदम करून दाखवल्या, पोरगं हुशारच आहे. माझ्या शिकवण्याला शेरा द्या. आणि दुसऱ्या मास्तरांना पण उभं करा, ते बसलेत इथंच."

"पोरगं हाय ते, मॅडम," वैजनाथराव गुरगुरले.

"पोरगंच आहे. म्हणून त्याला नाही विचारत, तुम्हाला विचारते. आता घेतलं ना नाव? का अजून कुणी काहीच बोललं नाही?"

वैजनाथरावांच्या शेजारची खुर्ची सरकली. धम्मप्रिया उभी राहिली. गुरुपादप्पा सरांनी हात जोडले, "ताई, दाखल्याचं सोमवारी बघू, आता..."

"दाखलाच न्यायला आले होते," धम्मप्रिया म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे तो जास्त लागला. "हे नांदेडला वाट बघायलेत. पर आता न्यायचा न्हाई. कशाला न्यायचा? माझ्या पोरीनं काय केलंय म्हनून तिनं गाव सोडायचं? ती हितंच बसंल, ह्याच्याच शेजारी. पुसू द्या त्येला. किती वर्षं पुसतोय ते बघू." ती परत खुर्चीत बसली. "पुढचं सांग गं, लुंबे."

लुंबिनीने बाहीने नाक पुसलं आणि पेटीतून लाल गोल काढला.

"ह्यो गोल. ह्याला कड न्हाई. कोपरा न्हाई."

आणि तिने तो सोमेशपुढे धरला. सोमेश एव्हाना रडायच्या बेतात आला होता. त्याने हात पुढे केला, खिडकीकडे आजीला पाहिलं, हात मागे घेतला. गोल दोघांच्या मधून फरशीवर पडला, उडाला, आणि गडगडत खुर्च्यांकडे गेला. वैजनाथरावांच्या पायाला लागून तो थांबला.

लुंबिनी उठून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "आजोबा, द्या."

वैजनाथरावांनी गोल उचलला. लुंबिनीचा तळहात पुढे होता. त्यांनी तो पाहिला, आणि हात वळवून गोल चहाच्या टेबलावर ठेवला. "घे तिथनं."

त्यांच्या घराण्यात असंच देत आले होते, ठेवून. दाणे ठेवून, भाकरी ठेवून, मजुरी ठेवून. पण गोल टेबलावर राहिला नाही. टेबलाचा एक पाय आखूड होता. गोल कपाच्या बाजूने गेला आणि टपकन खाली पडून परत त्यांच्याच पायाशी आला. पोरं हसली. वैजनाथरावांनी तो पुन्हा उचलला, ह्या वेळी जोरात दाबून ठेवला, जणू दाबल्याने तो ऐकणार होता. हात काढला तसा गोल पुन्हा निघाला. मागच्या ओळीत एक मास्तर खोकला. शेवटी त्यांनी तो खाली फरशीवर, लुंबिनीच्या पायापुढे ठेवला. फरशीचा उतार त्यांच्याच बाजूला होता. गोल आला तसा परत आला.

लुंबिनी हसली नाही. तिचा हात अजून तसाच पुढे होता.

"आजोबा, त्यो ठिवता येत न्हाई," ती म्हणाली, अगदी समजावून, लहान पोराला सांगावं तसं. "त्येला सपाट बाजूच न्हाई. हातातच द्यावा लागतोय."

आता कुणीच हसलं नाही. वैजनाथराव गोल हातात घेऊन बसून राहिले. त्यांनी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी पहिल्यांदाच कपातून मान वर काढलेली होती. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, नागुबाईने तोंड फिरवलं होतं. मग त्यांनी हात पुढे केला आणि गोल लुंबिनीच्या तळहातावर ठेवला. तिने बोटं मिटली.

रिकामा झालेला हात सवयीने धोतराकडे गेला. धम्मप्रिया त्या हाताकडेच बघत होती, पापणीही न हलवता. हात मांडीवर येऊन थांबला आणि तिथेच राहिला.

रुद्राणीचा राग उतरला नव्हता. एक प्लॅस्टिकचा गोळा एका हातातून दुसऱ्या हातात गेला होता, एवढंच तर झालं होतं. तेवढ्यावर टाळ्या वाजवायला ती तयार नव्हती. तिने पेटीचं झाकण लावलं.

"सोमवारी सगळ्यांनी पीठ आणायचं," ती पोरांना म्हणाली. "मूठ मूठ. परात एकच."

"मी देनार न्हाई, मॅडम," धम्मप्रिया बसल्या जागेवरून म्हणाली. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. "एकदा दिलं, चाळून दिलं. ह्या खेपंला गव्हाचं पीठ वैजनाथरावाच्या घरचं येऊ द्या. मळायचं माझी पोरगी मळंल."

सोमेशने डोळे पुसले. "आमच्यात लई गहू हाय," तो म्हणाला.

रुद्राणी वैजनाथरावांसमोर जाऊन उभी राहिली. "काय म्हणता, अध्यक्ष?" तिने विचारलं, आणि उत्तर येईपर्यंत ती तिथून हलली नाही.